बदललेला कंपायलर आणि ताकाचा पेला

“मी बदललाय ना, बुवा? माझ्या हाताने बदललाय. मग हा अजून जुनाच का सांगतोय?”

हेरंब पाटणकरने सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. दिगंबरबुवांनीही तिसऱ्यांदा नुसतं “असं?” म्हटलं.

तांबडवाडीच्या टेकडीवर बुवांचा मठ आहे. ओसरीच्या टोकाला एक खोली, खोलीत एक जुना संगणक आणि त्यावर लिनक्स. मठ दरवर्षी आसपासच्या गावांसाठी एक छोटं पंचांग काढतो. आपल्या टेकडीवरून सूर्य नेमका किती वाजता दिसतो, ते त्यात असतं. त्याचं गणित करणारा प्रोग्राम बुवांनी लिहिलेला. संन्यास घेण्याआधी ते तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात होते. भगवी वस्त्रं अंगावर चढली तरी यंत्रांचा नाद काही सुटला नाही. लोक त्याला बुवांचं व्यसन म्हणत आणि बुवाही ते नाकारत नसत.

यंदा तो प्रोग्राम चालेना. त्याला नवा कंपायलर हवा होता. माणसाने लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा तो कंपायलर. बुवांची नजर आता अधू झाली होती. त्यांनी पुण्याला निरोप धाडला, “हेरंबा, ये आणि बदलून दे.”

हेरंब आला, पण अट घालून आला.

“ते माझ्यासमोर येणार नाहीत.”

बुवांनी शब्द दिला.

‘ते’ म्हणजे हेरंबचे वडील, वासुदेव पाटणकर. आयुष्यभर प्राथमिक शाळेत गुरुजी होते. बायको गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, एक पिशवी घेऊन मठात आले आणि स्वयंपाकाला लागले. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. खुद्द बुवासुद्धा.

सतरा वर्षांपूर्वी हेच गुरुजी अंगणात पहार घेऊन उभे होते. एकोणीस वर्षांच्या हेरंबने भंगारातून एकेक तुकडा गोळा करून पहिला संगणक जुळवला होता. डी.एड.ला जाणार नाही, एवढंच तो म्हणाला होता. गुरुजींनी संगणक अंगणात नेला आणि पहारीने फोडला. आई मध्ये पडली, तिलाही ढकललं. हेरंब त्याच संध्याकाळी घराबाहेर पडला तो थेट या मठात आला. बुवांनी काही विचारलं नाही. जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी या खोलीतल्या खुर्चीवर बसवलं. लिनक्स तो इथे शिकला. चार वर्षं राहिला. पुढे पुण्यात गेला, मोठा झाला, नाव कमावलं.

वडिलांशी त्यानंतर तो एक शब्द बोललेला नव्हता. आईच्या चितेपाशी दोघं पाच हातांवर उभे होते, तरीही नाही.

आज दुपारी दोनच्या एसटीने तो परत जाणार होता. गेला तर पुन्हा येणार नाही, हे बुवांना ठाऊक होतं. गुरुजी चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले आहेत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“परत दाखव,” बुवा म्हणाले.

हेरंबने दाखवलं. पडद्यावर एक काळी खिडकी उघडी होती. परवा आल्या आल्या त्याने ती उघडली होती आणि तेव्हापासून सगळं काम तिच्यातच चाललं होतं. त्याने विचारलं, कंपायलर कोणता? खिडकीने जुन्याचं नाव सांगितलं.

“आता हे बघा.” त्याने शेजारी दुसरी, कोरी खिडकी उघडली. तोच प्रश्न. तिने नव्याचं नाव सांगितलं.

“एकाच यंत्रावर?” बुवांनी विचारलं.

“एकाच यंत्रावर.”

“मग या नव्या खिडकीतच कर की काम.”

“करता येईल. पण परवापासून मी त्या खिडकीत शंभर गोष्टी हाताने लावून ठेवल्यात. ती बंद केली की सगळं गेलं.” हेरंबचा आवाज चढला. “आणि प्रश्न तो नाहीच. ती ऐकत का नाही, हा प्रश्न आहे. मी हे काम पंधरा वर्षं करतोय, बुवा. दोनशे माणसं मला विचारून करतात.”

“दोनशे…” बुवांनी मान डोलावली. “पुष्कळ झाली.”

ही थट्टा होती की कौतुक, ते हेरंबला कळलं नाही. बुवांच्या बाबतीत ते कधीच कळत नसे.

“कंपायलर बदलताना यंत्र काही बोललं का?”

“खाली एक ओळ आली होती. उघड्या खिडक्यांनी प्रोफाइल पुन्हा वाचावी, असली काहीतरी.”

“मग?”

“मला काय माहीत नाही का ते!” हेरंब हसला. “कोणता कंपायलर कुठे आहे ते प्रोफाइलच्या फायलीत लिहिलेलं असतं. खिडकी उघडताना शेल, म्हणजे आपल्या आज्ञा पाळणारा तिच्यातला प्रोग्राम, ते एकदा वाचतो आणि तेच धरून बसतो. नंतर बाहेर काहीही बदलू दे, त्याला पत्ता नसतो. म्हणून पुन्हा वाचायला लावायचं. मी त्यासाठी माझी स्वतःची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहिलीये. एकदा चालवली की कंपायलर बदलते, प्रोफाइल पुन्हा वाचते, सगळं एका झटक्यात. बघा.”

त्याने स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या. शेवटी स्क्रिप्टने ऐटीत लिहिलं, प्रोफाइल वाचून झाली.

हेरंबने विचारलं, कंपायलर कोणता?

जुनाच.

“बघितलंत?” तो खुर्चीत मागे रेलला. “वाचली म्हणते. आणि होती तिथेच!”

बाहेर कोणीतरी रहाटाने पाणी ओढत होतं.

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा जरासा हलला. खोलीच्या पलीकडेच स्वयंपाकघर होतं. पडद्याखालून उंबऱ्यावर एक पितळी पेला ठेवला गेला. ताक होतं, वर कोथिंबीर. ठेवणारा हात लगेच आत गेला.

हेरंबने पाहिलं आणि मान वळवली.

दोन दिवस तो खाली स्टँडवरच्या हॉटेलात मिसळ खात होता. मठात पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः आडावर जाऊन.

“ऊन झालंय,” बुवा म्हणाले. “घे.”

“नको.”

“तहान नाही?”

हेरंबच्या घशाला कोरड पडली होती. सकाळच्या मिसळीची तर्री अजून जळजळत होती.

“तहान आहे. ते नको.”

“बरं.”

बुवा काठी टेकत उठले. चाचपडत उंबऱ्यापाशी गेले, वाकून पेला उचलला. परत येऊन हेरंबच्या अगदी समोर बसले आणि सावकाश, एकेक घोट घेत सगळं ताक पिऊन टाकलं. शेवटी पेला वर धरून तळाशी राहिलेली कोथिंबीरही बोटाने काढून खाल्ली. मिशी पुसली.

“घेतलं,” ते म्हणाले. “तुझ्या वतीने.”

हेरंब बघत राहिला.

“आता सांग. गेली का तहान?”

“माझी कशी जाईल, बुवा? प्यालात तुम्ही!”

“असं?” बुवा म्हणाले.

हेरंब ओशाळवाणं हसायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग बुवांकडे, मग परत पडद्याकडे.

“अरे देवा,” तो पुटपुटला.

“काय झालं?”

“स्क्रिप्टने वाचली… स्क्रिप्टने! मी स्क्रिप्ट चालवली की माझा शेल तिच्यासाठी एक नवा शेल जन्माला घालतो. प्रोफाइल वाचली ती त्या नव्याने. वाचून तो बदलला, आपलं काम केलं आणि मेला. माझा शेल नुसता वाट बघत बसला होता. त्याने काही वाचलंच नाही.” त्याने कपाळावर हात मारून घेतला. “हे तुम्ही मला विसाव्या वर्षी शिकवलं होतं.”

“मी शिकवलं असेल. माझं मलाच आठवत नाही हल्ली.”

“पोराने केलेला बदल आईबापाकडे मागे जात नाही. आईबापांकडून पोराकडे येतो, तोही जन्मतानाच, एकदा. असं म्हणाला होतात.”

“म्हणालो असेन.”

“म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घेऊन चालणार नाही. त्या शेलला स्वतःच वाचायला हवं.”

“बाहेरून कोणी त्याच्या आत हात घालून बदलू शकत नाही?”

“नाही.”

“यंत्राचा मालकसुद्धा?”

“तसा सरळ मार्ग नाही, बुवा.” हेरंब आता उत्साहात होता. खुर्ची पुढे ओढून त्याने थेट त्या जुन्या खिडकीतच आज्ञा दिली, सोर्स, म्हणजे ‘तूच वाच’, आणि पुढे प्रोफाइलचं नाव. एवढीच. या वेळी ओळी सरसरल्या नाहीत. कुणी काही ऐटीत लिहिलं नाही. खिडकी गप्प राहिली.

त्याने विचारलं, कंपायलर कोणता?

नवा.

परवापासून हाताने लावलेलं सगळं जागच्या जागी होतं. काही पुसलं गेलं नव्हतं. त्याने बुवांचा प्रोग्राम नव्या कंपायलरकडे दिला आणि तो एका दमात पार झाला. चैत्रातल्या पहिल्या दिवसाची ओळ पडद्यावर उमटली. तांबडवाडीचा सूर्योदय.

“झालं!” हेरंबने टाळी वाजवली. एकोणीस वर्षांचा असताना वाजवायचा तशीच.

बुवांचा चेहरा फुलला. त्यांना संगणकाचा पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून ते हेरंबकडेच बघत होते. या पोरावर त्यांचा फार जीव होता.

तेवढ्यात दाराच्या पडद्यामागून आवाज आला.

“बुवा…”

हेरंबची टाळी थांबली. आवाज ओळखीचा होता, पण बारीक झाला होता. फळ्यापाशी उभं राहून अख्खी शाळा गप्प करणारा तो आवाज होता.

“बोला गुरुजी.”

“पाहुण्यांना ताक… खारट तर नाही ना झालं?”

आपण पाहुणे आहोत हे समजायला हेरंबला एक क्षण लागला. समोर यायचं नाही असं ठरलं होतं. माणूस समोर येत नव्हता. नाव घेऊन हाक मारायचीही त्याने स्वतःला मनाई केली होती.

बुवांनी हेरंबकडे पाहिलं. हेरंबने खाली.

“पाहुण्यांनी घेतलं नाही, गुरुजी. मीच घेतलं.”

“बरं…” आत भांड्याचा आवाज झाला. “दुसरं ठेवतो. मीठ कमी घालून. लहानपणी त्याला… त्यांना कमी मीठ लागायचं.”

ताटात मीठ जास्त झालं म्हणून कुरकुर केली, की घरात काय व्हायचं ते त्याला आठवत होतं. वाढलेलं गुपचूप गिळायचं. चव कशी आहे असं त्या घरात कधी कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

त्याने विचारलं, अगदी हळू.

“हे असं रोज विचारतात?”

“सगळ्यांना. दोन वर्षं. पहिल्या दिवशी मला विचारलं, तर मी दचकलो.”

“आमची ताई सांगत होती.” हेरंबने कीबोर्डवरची नसलेली धूळ बोटाने पुसली. “ती येते ना इथे, दिवाळीत. फोनवर सांगते, बदललेत म्हणून. त्यांची पत्रं येतात मला. मी फोडत नाही, तिच्याकडे पाठवतो. ती वाचते आणि मला सांगते.”

“काय सांगते?”

“रडते आधी. मग सांगते.”

“आणि तू?”

“मी हं म्हणतो.”

बुवांनी रिकामा पेला बाजूला सारला.

“तुमचं पत्र तर मी स्वतः वाचलं. तुम्हीही तेच लिहिलं होतं. मला राग आला तुमचा, बुवा. खरं सांगतो. ज्याच्यामुळे मी इथे पळून आलो, त्याच माणसाला तुम्ही ठेवून घेतलंत.”

“तुलाही ठेवून घेतलं होतं.”

“मी काय फोडलं होतं?”

“विचारलं नव्हतं मी,” बुवा म्हणाले. “त्यांनाही नाही.”

हेरंबला वाटलं उठावं आणि बॅग घ्यावी. एसटीला अजून दीड तास होता, पण स्टँडवर बसता आलं असतं. तो उठलाही. बॅगेचा पट्टा हातात घेतला.

पडदा हलला.

पडद्याखालून दुसरा पेला पुढे आला. या वेळी हेरंब उभा होता आणि उंबरा त्याच्या अगदी समोर होता, म्हणून हात नीट दिसला. मनगटापर्यंतच. कातडी सैल झालेली, नखांत हळद बसलेली. पेल्यातलं ताक हिंदकळून उंबऱ्यावर सांडलं. हात थांबला. मग पेला कसाबसा टेकवून, उपरण्याच्या टोकाने सांडलेलं पुसू लागला. जिथे सांडलं नव्हतं तिथेही पुसत राहिला.

हेरंबला हा हात ठाऊक नव्हता.

त्याला दुसराच हात ठाऊक होता. घट्ट, काळसर, पहारीवर आवळलेला. सतरा वर्षं रोज डोळ्यांसमोर होता. पुण्यात कोणी मोठ्याने बोललं तरी तो हात आधी दिसायचा. त्याचं लग्न त्या हातापायी राहिलं होतं, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आपलाही हात तसाच उठला तर, ही भीती होती.

पुसणं संपलं. हात आत गेला.

हेरंब तिथेच उभा. बॅगेचा पट्टा त्याच्या हातातून कधी सुटला ते त्याला कळलं नाही. डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत. बुवांना नीट दिसत नाही याचं त्या वेळी त्याला बरं वाटलं. बुवांना तेवढं दिसत होतं.

आत चुलीपुढे कोणीतरी खोकलं. मग तेही थांबलं. पडद्याच्या अल्याड दोन माणसं आणि पल्याड एक.

“बुवा…”

“बोल.”

“पडद्यापलीकडे चार पावलं आहेत.”

“मोजलेली नाहीत मी.”

“मला भीती वाटते.”

दोनशे माणसं ज्याला विचारून कामं करतात, तो माणूस हे बोलला. लहान मुलासारखा बोलला. बुवांनी हात पुढे केला, चाचपडत त्याचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

“कशाची?”

रागाची सवय झाली होती, तो जाईल याची भीती? की तो खोटा ठरेल याची? सतरा वर्षं जपलेलं एकदम हातातून जाईल, मग उरणार काय?

शेवटी जे होतं तेच निघालं.

“ताई म्हणते बदललेत. तुम्ही म्हणता बदललेत. हात बघितला मी आत्ता… पण मी आत गेलो, आणि अण्णा तेच निघाले तर?”

अण्णा, म्हणाला तो. दोन दिवस नुसतं ‘ते’ चाललं होतं.

बुवांनी त्याचं मनगट सोडलं. वाकून उंबऱ्यावरचा पेला उचलला, त्याच्या हातात दिला आणि पडदा बाजूला सारला.

“तर तेच. पण आजचे असतील, आणि तू स्वतः वाचलेले.”